हिरव्यावर निळी अक्षरं

देवमन खंडारे कुणाकडेही चहाला बसला, की आधी समोरच्याला घोट घ्यायला लावायचा. उघडपणे नाही. "घ्या ना तुमी, मले जरा गरम लागते," असं म्हणायचा आणि बशीत फुंकर मारत वेळ काढायचा. एकाच किटलीतला चहा समोरच्याच्या घशाखाली उतरला, तो माणूस धड बसलेला दिसला, की मग हा कपाला हात लावायचा. आमच्या केंद्रात सगळ्यांना हे ठाऊक होतं. मी तर दोन कप भरले की त्याच्या डोळ्यांदेखत माझ्या कपातला एक घोट घेऊन टाकायचे, म्हणजे पुढचं नाटक वाचायचं. मी त्याला चिडवते आहे हे त्याला कधी कळलं नाही. उलट त्याला बरं वाटायचं.

आमचं केंद्र म्हणजे अकोल्यातल्या एका सहकारी संस्थेची बियाणं तपासायची प्रयोगशाळा. मी, पायल, खिडकीवर बसायचे. लोक रुमालाच्या गाठीत सोयाबीन, तूर घेऊन यायचे, मी पुडी बांधून नंबर टाकायचे आणि आत पाठवायचे. आत रुबीना होती. ती ओल्या कागदावर दाणे मांडून त्याची गुंडाळी करायची, उबेच्या कपाटात ठेवायची आणि मुदत भरली की उगवलेले दाणे मोजायची. मोजलेला आकडा ती कॉम्प्युटरमध्ये टाकायची, आणि कॉम्प्युटर म्हणजे देवमन. आम्हा तिघांच्या वर वामनराव, संस्थेचे व्यवस्थापक, काचेच्या केबिनमध्ये बसून सगळ्यांवर एक डोळा ठेवायचे.

वर्षं दोन हजार सहा-सातची. त्या दिवसांत वऱ्हाडात कुणाचाच कुणावर भरवसा उरला नव्हता. बियाण्याची पिशवी कारखान्यात शिवली आहे की मागच्या गल्लीत पुन्हा शिवली आहे, हे लोक दोऱ्याच्या टाक्यावरून ठरवत. दुकानदार म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे पावसाला विचारा. दिल्ली-मुंबईच्या गाड्या यायच्या, बांधावर उभं राहून फोटो काढून जायच्या, आणि त्या गाड्यांत कोण बसून आलं होतं याच्यावरही गावात दोन मतं असायची. अशा हवेत देवमनसारखा माणूस काही फार वेगळा दिसत नव्हता. फक्त तो सगळ्यांच्या आधीपासून संशयी होता आणि जास्त मेहनतीनं होता.

त्याला कारण होतं. तो नांदगाव खंडेश्वरकडचा, नत्थुजी खंडारेंचा मुलगा. बौद्ध वस्तीतला पहिला विज्ञानाचा पदवीधर, आणि मार्क चांगले. हे चांगले मार्कच त्याला नडले. जिथं मुलाखतीला जाई तिथं कुणीतरी त्याची गुणपत्रिका खिडकीशी नेऊन उजेडात धरून बघे. बाकीच्या उमेदवारांच्या गुणपत्रिका टेबलावरच वाचल्या जात, याची तेवढी उजेडात धरली जाई. आधी लोकांनी त्याच्यावर संशय घेतला, मग तो घ्यायला शिकला. मला त्याचा राग यायचा तेव्हा मी हे आठवायचे, आणि राग थोडा कमी व्हायचा. सगळा जायचा नाही.

कॉम्प्युटर केंद्रात आला तेव्हाही देवमनला आधी शंका आली. विंडोजचा परवाना घ्यायची संस्थेची तयारी नव्हती, म्हणून कुणा संचालकाच्या ओळखीचा एक इंजिनिअर पुण्याहून आला आणि फुकटातली लिनक्स टाकून गेला. एक मोठं मशीन देवमनपाशी, आणि त्याला वायरनं जोडलेले पडदे रुबीनाच्या खोलीत नि वामनरावांच्या केबिनमध्ये. चित्रं नाहीत, माऊसचं काम नाही. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. एल आणि एस ही दोन अक्षरं दाबून एन्टर मारलं की आत काय काय ठेवलं आहे त्याची नावं ओळीनं येत. ती नावं रंगीत असत. काही निळी, काही पांढरी, काही तांबडी.

"हे रंग कोणं लावले?" देवमननं मला विचारलं.

"मशीननं लावले असतील."

"मशीनले काय करायचं रंगाशी? कोणं तरी सांगतलं असन त्याले."

आणि मग तो त्या रंगांच्या मागेच लागला. इंजिनिअरला फोन करकरून त्यानं शोधलं, की हे सगळे रंग एका फाइलमधून येतात. डिरकलर्स तिचं नाव. तिच्यात वस्तूच्या प्रत्येक प्रकारापुढे आकडे असतात, एक आकडा अक्षराच्या रंगाचा, एक मागच्या जमिनीचा. आकडा बदला, रंग बदलतो. त्या दिवशी देवमनचा चेहरा मी पाहिला आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं काहीतरी सापडलं होतं, जे नुसतं बघून कळेल की खरं काय नि खोटं काय.

त्यानं आपली पद्धत बसवली. ज्या निकालाची मोजणी चालू आहे त्या फाइलच्या नावाला तो शेवटी 'कच्चा' जोडायचा, आणि डिरकलर्समध्ये त्याला तांबडा रंग लिहिला. निकाल पुरा झाला, की नावाला 'पक्का', आणि रंग पांढरा. पक्क्या फाइलला तो कुलूपही घालायचा, म्हणजे तिच्यात कुणाला काही बदलता यायचं नाही. सकाळी आल्या आल्या तो एल-एस दाबून नुसता रंगांवरून डोळा फिरवायचा, जशी बाई घर सोडताना ओट्यावरून फिरवते. सगळं जागच्या जागी आहे असं दिसलं की मगच पिशवीतून डबा काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचा.

फाइली ज्या कप्प्यांमध्ये ठेवायच्या, त्या कप्प्यांना मात्र त्यानं हात लावला नाही. कप्पे मशीननंच निळे दाखवले होते. ते त्यानं मला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"पाह्य पायल, हा निळा मी नाई केला. मशीननं सोताहून ठेवला."

निळा म्हणजे त्याच्या वस्तीतल्या झेंड्याचा रंग, त्याच्या घराच्या दाराचा रंग. परक्या कुणीतरी, न सांगता, न मागता तो दिला होता. उभ्या जन्मात देवमनला एवढं कुणी दिलं नव्हतं, म्हणून मी हसले नाही.

रुबीनाला त्यानंच शिकवलं. ताहेर गादीवाल्याची ही मुलगी. बाप कापूस पिंजून गाद्या भरायचा, घरात पाऊल टाकावं तिथं कापसाची लव, आणि ही त्यातून बीएस्सी होऊन आलेली. हात स्वच्छ, नजर नेमकी, बोलणं सरळ. देवमनच्या शेजारी स्टूल ओढून बसायची आणि हा आकडा कशाचा, तो कशाचा, असं विचारत राहायची. देवमनलाही शिकवायला आवडायचं. त्या दोघांना असं बसलेलं पाहून वामनराव केबिनमधून दोनदा बाहेर येऊन जायचे.

एक दिवस रुबीना म्हणाली, "भाऊ, हे निळं काळ्यावर दिसतच नाई. डोळे फुटून राहिले माहे. हिरवं करा ना कप्प्याले. हिरवं साफ दिसते."

देवमननं कीबोर्डवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "हिरवंच कावून?"

"दिसते म्हणून."

"पिवळं बी दिसते."

"मंग पिवळं करा," रुबीना म्हणाली आणि उठून आपल्या गुंडाळ्यांकडे गेली. तिच्या मनात काही नव्हतं. पण आमच्याकडे रंग नुसता रंग कुठं असतो? कोणत्या चौकात कोणती पताका, कोणत्या ऑटोच्या आरशाला कोणती चिंधी, यावरून माणूस कुणाचा ते ठरतं. देवमननं ना हिरवं केलं ना पिवळं. ते 'हिरवं' त्याच्या मनात मात्र जाऊन बसलं.

मग पेरण्यांची घाई आली. खिडकीवर रांग, आत उबेची कपाटं गच्च. ऐन गर्दीत वामनरावांच्या केबिनमधून निकाल छापला जाईना. त्यांनी आरडाओरडा केला. देवमननं पुण्याला फोन लावला, इंजिनिअरनं एकेक अक्षर सांगितलं, यानं कानाशी रिसीव्हर धरून एकेक अक्षर दाबलं, आणि केबिनमध्ये कागद सरकू लागले. काय केलं म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "कप्प्याची परवानगी देली त्यायले." परवानगी कुणाला नि किती, ते त्यानं विचारलं नाही. रांग बाहेर फाटकापर्यंत गेली होती, तेव्हा विचारायला वेळही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एल-एस दाबलं आणि मला हाक मारली. हाकेवरूनच मला कळलं की काहीतरी बिघडलं आहे.

सगळे कप्पे निळे होते. फक्त 'निकाल' नावाचा कप्पा बदलला होता. अक्षरं निळीच, पण त्यांच्या मागे हिरवा पट्टा. हिरव्यावर निळी अक्षरं, इतकी एकमेकांत मिसळलेली की नाव वाचायला पडद्याला नाक लावावं लागत होतं.

"निळ्याच्या खालून हिरवं सरकवलं," देवमन हळू आवाजात म्हणाला.

"कोणं?"

"रंग बदलाले येते कोणाले? मले आन् तिले."

"अरे, मशीननं केलं असन."

"मशीन सोताहून काई करत नाई."

"निळा केला होता ना सोताहून?"

"ते येगळं," देवमन म्हणाला. यापुढे त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

एवढ्यात वामनराव मागे येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा वर केला, पडदा पाहिला, देवमनला पाहिलं, रुबीनाच्या दाराकडे पाहिलं. त्यांना वेगळंच दिसलं.

"हे काय हो खंडारे? निळं आन् हिरवं एका जागी? काय ठरलं तुमचं दोघायचं? इलेक्शनले उभं राह्यचं हाय का?"

"साहेब, मी नाई केलं हे."

"कोणं केलं ते मले सांगू नका. संचालक येतात इथं. त्यायच्यापुढे असे झेंडे नका लावू. काढा ते."

म्हणजे बघा. एका पट्ट्यावर तिघांनी डोळे लावले होते. देवमनला त्यात रुबीनाचा हात दिसला, वामनरावांना दोघांची युती दिसली, आणि मला दोघांचाही वैताग आला. पण हा रंग काय सांगतो आहे, असं आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. रुबीना बाजूच्या खोलीत दाणे मोजत होती. तिला तर आम्ही बोलावलंच नाही.

देवमननं डिरकलर्स उघडली. निळ्या अक्षराचा आणि हिरव्या जमिनीचा आकडा त्याला पाठ होता. ते दोन आकडे शेजारी शेजारी कुठं आहेत ते त्यानं शोधलं, आणि ओळ सापडली. ही ओळ आपण लिहिलेली नाही, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. ओळीच्या शेवटी जाळीसारखी खूण होती आणि खुणेपुढे इंग्रजीत काही लिहिलं होतं. त्या खुणेपुढचं मशीन वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. मशीन वाचत नाही म्हणून देवमनही ते कधी वाचत नसे. त्यानं हिरव्याचा आकडा खोडला, निळा ठेवला, आणि कप्पा पुन्हा बाकीच्यांसारखा निळा झाला. वामनराव म्हणाले, "हं, आता बरं दिसते."

त्या दिवसापासून रुबीनाचं स्टूल भिंतीला लागलं. ती आली की देवमन कीबोर्डवर टॉवेल टाकायचा. तिनं मला विचारलं, "भाऊ नाराज हायेत का माह्यावर?" मी म्हटलं, "तो खूश कवा असते?" मला वाटलं चार दिवसांत निवळेल. मी हे विनोदावारी नेलं, कारण मला कामं होती.

पंधरवडा उलटला असेल, पार्वताबाई खिडकीशी आल्या. नांदगावकडच्याच, हाडकुळ्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा पिशवीचा दोरा पुन्हा शिवल्यासारखा वाटतो म्हणून ओच्यातून सोयाबीन घेऊन आल्या होत्या आणि मुदतीच्या दिवशी परत येऊन म्हणाल्या होत्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहीन, मगच जाईन. रुबीनानं त्यांना आत नेऊन ओला कागद उलगडून दाखवला होता. अर्धेही दाणे उगवले नव्हते, बाकीच्यांवर बुरशी होती. आता त्यांच्या हातात आमच्याच केंद्राचा छापील दाखला होता, आणि त्यात बियाणं उत्तम असल्याचं लिहिलं होतं.

"बाई, हे माह्या पुडीचं नाई," त्या मला म्हणाल्या.

मी नंबर ताडून पाहिला. त्यांच्याच पुडीचा होता.

"मंग मी आंधळी हाओ का?"

वामनरावांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर फाइल काढली. नाव पांढरं, पक्कं, आत मोठा आकडा. रुबीना म्हणाली, "मी हा आकडा टाकलाच नाई." पण तिच्याकडे दाखवायला काय होतं? गुंडाळीच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलेला आकडा एकदा मशीनमध्ये गेला, की गुंडाळी आणि चिठ्ठी दोन्ही उकिरड्यावर, अशीच आमची रीत होती.

"बाईले दाखवलं एक, मशीनमंधी टाकलं दुसरं," वामनराव म्हणाले. "कंपनीवाल्यासंग काय बोलणं झालं तुयं?"

"साहेब, मी कोणाच कंपनीवाल्याले ओळखत नाई."

"खंडारे, कुलूप तुमचं. मोडलं का कोणं?"

"नाई साहेब. कुलूप जसंच्या तसं हाय."

"मंग?"

देवमननं खाली पाहिलं आणि म्हणाला, "या पोरीनं आंधी बी माह्या फायलीत हात घातला होता. रंग बदलला होता. तुमी पाह्यलं ना."

रुबीनानं त्याच्याकडे पाहिलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिला पहिल्यांदाच कळत होतं की आपल्यावर एक आरोप कधीचा ठेवलेला होता आणि आपण रोज त्याच्या शेजारून ये-जा करत होतो. मला देवमनच्या मुस्कटात द्यावीशी वाटली.

संचालक सोमवारी बसणार होते. तोवर कामावर यायचं नाही, असं रुबीनाला सांगण्यात आलं. नोकरी गेली असती तर एक वेळ दुसरी मिळाली असती. पण आकडा विकणारी पोरगी, असं नाव एकदा अकोल्यात लागलं, की कुठलीच प्रयोगशाळा तिला दारात उभी करणार नव्हती, आणि ताहेरभाईंच्या दुकानात गादी भरायला येणाऱ्या प्रत्येकानं त्यांच्याकडे तसंच पाहिलं असतं. ती डबा आणि ओढणी घेऊन गेली. उबेच्या कपाटातल्या गुंडाळ्या मोजायला कुणी उरलं नाही.

पार्वताबाई फाटकापाशी थांबल्या होत्या. देवमन बाहेर पडला तसं त्यांनी त्याला अडवलं.

"तू नत्थुजीचा ना?"

"हो."

"मले एक सांग. जिले लपवायचं असते, ते कागद उलगडून दाखवते कायले? मी त नुसती दाखव म्हणलं होतं. तिनं दाणे बी मले मोजाले लावले."

देवमन पिशवी सावरत पुढे निघाला. पण पार्वताबाईंनी त्याला नेमकं तेच दिलं होतं जे त्याला नाकारता येत नव्हतं, एक नवा संशय. आणि तो घ्यायला आता त्याच्या स्वतःशिवाय कुणी उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी आम्ही दोघंच होतो, हंगामामुळे सुट्टी नव्हती. त्यानं डिरकलर्स उघडली, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला, आणि जाळीच्या खुणेपुढचं, माणसांसाठी लिहिलेलं, जे तो कधीच वाचत नसे, ते एकेक शब्द शोधून वाचायला बसला. त्या एका ओळीवर तो बराच वेळ थांबला. मग मला म्हणाला, "पायल, इकडे ये."

"काय लिवलं?"

"हा रंग त्या कप्प्याचा, ज्याच्यात कोणीबी काईबी टाकू शकते." त्यानं शब्दकोश मिटला. "हे मशीनचंच होतं. ते सांगून राह्यलं होतं का दार उघडं हाय म्हणून."

"पण फाइलले त कुलूप होतं ना?"

"पेटीले कुलूप होतं. कपाट उघडं होतं. कुलपासंगट अख्खी पेटीच उचलून नेली कोणं तरी, आन् तशीच दुसरी ठेवून देली." त्यानं आणखी एक आज्ञा दिली, आणि नावांच्या शेजारी प्रत्येक फाइलचा मालक दिसू लागला. रुबीनाच्या सगळ्या फाइलींपुढे रुबीनाचं नाव होतं. पार्वताबाईंच्या निकालापुढे 'ऑफिस' लिहिलं होतं. 'ऑफिस' म्हणजे केबिनमधल्या पडद्याचं नाव, आणि त्याचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. येणारा-जाणारा, संचालक, त्यांचे पाहुणे, दाखला लवकर छापून घ्यायला आलेले, सगळे तिथं बसत.

"दार मीच उघडलं," देवमन म्हणाला. "त्या दिवशी फोनवर. मंग मशीननं मले सांगतलं, त मी त्याचं तोंडच पुसून टाकलं."

"उद्या हे सांग सगळ्यायले."

"सांगतलं त म्हणतील खंडारेनंच केलं. माह्यावर विश्वास ठेवाची सवय कोणाले हाय?"

त्याची भीती खोटी नव्हती. मी त्याला धीर दिला नाही, कारण द्यायला काही नव्हता. मी एवढंच म्हटलं, की नाही सांगितलं तर तिच्या नावापुढे ते कायमचं लागेल.

सोमवारी संचालक बसले. रुबीना कोपऱ्यात उभी होती, ताहेरभाई बाहेर बाकावर टोपी हातात धरून बसले होते. देवमननं सुरुवात केली आणि जे झालं होतं ते सगळं सांगितलं, फोनपासून. तो थांबताच वामनराव म्हणाले, "आता तुमी तिले वाचवून राह्यले. मी तवाच म्हणलं होतं, यायचं दोघायचं ठरलं हाय काई तरी."

देवमनचा चेहरा पडला. तो उजेडात धरलेली गुणपत्रिका पुन्हा पाहत होता, हे मला कळलं. मग तो मशीनपाशी गेला. आधी त्यानं डिरकलर्समध्ये स्वतः खोडलेला आकडा परत लिहिला. निळ्या कप्प्यामागे हिरवा पट्टा उमटला. मग त्यानं कप्प्याची परवानगी काढून घेतली. पट्टा गेला, कप्पा नुसता निळा. परवानगी दिली, पट्टा आला. एका संचालकाला त्यात भलतीच मजा वाटली, त्यांनी पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं. मग मालकांची नावं दाखवली. 'ऑफिस' हे नाव दिसलं तेव्हा मात्र कुणाला मजा वाटली नाही. कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. वामनराव कॅलेंडरकडे पाठ करून उभे राहिले.

चौकशी पुढे चालू ठेवावी, असं ठरलं. म्हणजे ती तिथंच संपली. पार्वताबाईंचं बियाणं पुन्हा तपासून त्यांना खरा दाखला मिळाला, रुबीनाला कामावर घेतलं. आकडा कुणी बदलला ते आजही मला खात्रीनं सांगता येणार नाही. मला जे वाटतं, ते मी लिहिणार नाही.

सगळे पांगले, तेव्हा रुबीना देवमनच्या टेबलाशी आली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"भाऊ, तो रंग दिसला त्या दिवशी मले विचारलं कावून नाई? मी बाजूच्याच खोलीत होती."

देवमननं कीबोर्डवरचा टॉवेल काढून त्याची घडी घातली. ती थोडी थांबली, मग हात धुवायला निघून गेली.

तो हंगाम तिनं पुरा केला. पुढच्या वर्षी अंजनगाव सुर्जीला तिचं लग्न झालं. तिथं तिनं घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला, असं ऐकलं. देवमन बदलला, असं मी म्हणणार नाही. पिशवीचे टाके तो अजून बघायचा, बसमध्ये पिशवीचा पट्टा मांडीखाली दाबून बसायचा. फक्त एक झालं. डिरकलर्समध्ये त्यानं पुन्हा मनाचे रंग भरले नाहीत. कप्पा त्यानं बंद केला, पण दार उघडं राहिलं की दिसणारा तो हिरवा पट्टा आहे तसा, वाचता न येण्यासारखा ठेवला आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो काय आहे ते आधी सांगायचा.

दोन-तीन वर्षांनी तो कुणाच्या तरी लग्नाला अंजनगावला गेला. परत आल्यावर माझ्याकडे येऊन बसला. मी किटली ठेवली. तो आपणहून सांगू लागला.

"रुबीनाच्या घरी गेलतो. चांगलं हाय तिचं. बारा-पंधरा पोट्ट्या बसून होत्या शिकाले. तिनं बसवलं मले, चहा आणला. मी रस्त्यानंच ठरवलं होतं पायल, कप समोर आला का सरळ उचलायचा आन् प्यायचा. तिच्या घरी तरी." तो कानाची पाळी ओढत राहिला. "पण माहा हात जायच्या आंधीच तिनं आपल्या कपातला एक घोट घेतला. माह्याकडे पाहत. आन् म्हणे, घ्या भाऊ, आता घ्या."

"हसून राह्यली होती का?"

"तेच त समजलं नाई. चिडवून राह्यली होती, का मले अजून तसाच समजते, का तिचा बी आता कोणावर भरवसा राह्यला नाई. रस्ताभर इचार केला, समजलंच नाई."

मी दोन कप भरले. एक त्याच्यापुढे सरकवला.

"मंग तिले विचारलं कावून नाई?" मी म्हटलं.

देवमन माझ्याकडे बघत राहिला. बोलण्याच्या नादात मी त्या दिवशी घोट घ्यायला विसरले होते. त्यानं माझ्या कपाकडे पाहिलं, तो काठोकाठ भरलेला होता. मग त्यानं स्वतःचा कप उचलला आणि चहा होता तसा, गरमच, पिऊन टाकला.